भिंतीची सफाई

१

रविवारी सकाळी लोक केस कापून घेतात, गाडी धुतात, मटण आणतात. सुधन्वा दातार कॉम्प्युटरचं रूप बदलायचा. मागचं चित्र, आयकॉनचे आकार, कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे, खालच्या पट्टीचा रंग, सगळं उसवून पुन्हा शिवायचा. यातून मिळतं काय, असं केतकीने लग्नानंतर एकदा विचारलं होतं. त्याने तिला तासभर समजावलं. पुन्हा तिने विचारलं नाही.

नोएडातला त्यांचा फ्लॅट भाड्याचा आणि दोन खोल्यांचा होता. एक खोली नवरा-बायकोची. दुसरीत सुधन्वाचं टेबल आणि, आई गेल्यापासून, त्याचे वडील. बळवंतराव दातार केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये अख्खी नोकरी काढलेला हा माणूस आता खोलीच्या एका भिंतीला लागून मावला होता. तिथे त्यांची वेताची खुर्ची होती. खुर्चीच्या बाजूला वर तारखांवर खुणा केलेलं कॅलेंडर होतं आणि निरोप समारंभात मिळालेलं, खणखणीत टकटक करणारं घड्याळ होतं. भिंत बाबांनी व्यापलेली, म्हणून सुधन्वाचं टेबल खोलीच्या मधोमध आलं होतं आणि त्यावर एक भली रुंद स्क्रीन होती. समोर बसलेले बाबा दिसू नयेत म्हणूनच त्याने एवढी मोठी घेतली, असं केतकी म्हणायची. सुधन्वा हसण्यावारी न्यायचा, पण ते खोटं नव्हतं.

बाबांवर त्याचं प्रेम होतं. त्यांच्या वस्तूंवर नव्हतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता येतात, अशी त्याची समजूत होती.

बाबांची एक सवय मात्र साऱ्या घराला पुरून उरली होती. काहीही अडकून पडलेलं त्यांना खपायचं नाही. आलेलं पार्सल ते लगेच उघडत, वाजणारा फोन कोणाचाही असो, उचलत. "माझ्या टेबलावर फाइल कधी मुक्कामाला राहिली नाही," हे वाक्य केतकीला पाठ झालं होतं.

त्या रविवारी सुधन्वाने आरपारचा घाट घातला. युक्ती सोपी असते. स्क्रीन उचलून बाजूला ठेवायची. आपण बसतो त्या खुर्चीतून, डोळ्यांच्या उंचीवरून, मागच्या भिंतीचा फोटो काढायचा. स्क्रीन परत जागेवर ठेवायची आणि तोच फोटो तिच्यावर लावायचा. नीट जमलं तर स्क्रीन नाहीशीच होते. नुसती काळी चौकट उरते, तिच्यातून मागची भिंत दिसते आणि भिंतीपुढे हवेत आयकॉन तरंगतात.

बाबा खुर्चीत पेंगत होते. त्यांना उठवायचं सुधन्वाच्या जिवावर आलं. त्यामुळे फोटोच्या डाव्या कडेला वेताच्या खुर्चीचा हात आणि त्यावर विसावलेला बाबांचा हात, मनगटापर्यंत, एवढं येऊन बसलं.

बाबा जागे झाले तेव्हा सगळं जुळून आलं होतं. ते उठून सुधन्वाच्या मागे येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघायला लागले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिला होता.

"काच बसवलीस का रे?"

"नाही बाबा. फोटो आहे."

"अच्छा!" त्यांनी वाकून पाहिलं. "आणि हा माझा हात! मी उठलो, तरी हा तिथेच?" ते लहान मुलासारखे हसले. त्या क्षणी सुधन्वालाही फार बरं वाटलं.

२

असली कारागिरी एकट्याने बघण्यात मजा नसते. सुधन्वाचा एक ग्रुप होता, 'कोरी स्क्रीन' नावाचा. गुडगाव, गाझियाबाद, द्वारका, कुठकुठले लोक त्यात होते. एकमेकांना फारसं कोणी भेटलेलं नव्हतं. आपापल्या स्क्रीनचे फोटो टाकायचे, दुसऱ्याचं आवडलं तर आपल्या मशीनवर लावायचं. आणि त्यांच्यात एक रीत होती, सफाईची. कोणीही कोणाच्याही चित्रातला पसारा काढून ते परत पाठवू शकायचा. इशिता नावाच्या मुलीने त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सफाई केलेलं चित्र मालकाच्या स्क्रीनवर एका चौकोनात यायचं आणि खाली एकच बटण असायचं, 'मंजूर'. दाबलं की नवं चित्र त्याच्या मशीनवर आणि ते वापरणाऱ्या सगळ्यांच्या मशीनवर लागायचं. नापसंतीचं बटण मुद्दामच ठेवलेलं नव्हतं. नको असेल तर दाबू नका, विषय संपला.

आरपारचं आधी कौतुक झालं. मग लोक चवीने चुका काढायला बसले.

"कमरा है या कबाड़ी की दुकान?" एकाने लिहिलं.

"बाकी सब ठीक, लेफ्ट में हाथ किसका है यार? गंदा लग रहा है. हटाओ."

त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे दिले. सुधन्वाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरीही तीस-चाळीस जणांनी त्याची भिंत आपल्या मशीनवर लावलीच. आपल्या खोलीची भिंत अनोळखी घरांतून दिसते आहे, या विचाराने त्याला गुदगुल्याच झाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिली सफाई आली. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती. चित्रातून कॅलेंडर गेलं होतं. काम इतकं बेमालूम होतं की सुधन्वा मनात शाबास म्हणाला. कॅलेंडरच्या जागी रंगाचा उजळ पट्टा होता, वर खिळा होता, आणि पट्ट्यात एकाखाली एक पेन्सिलच्या रेघा होत्या. भाडेकरूच्या एखाद्या पोराची उंची भिंतीवर मापतात तशा.

या रेघा त्याला जरा विचित्र वाटल्या. सफाई करणारा मागची भिंत मनाने रंगवतो. पण रेघा कशाला काढेल? तो उठला, भिंतीपाशी गेला आणि कॅलेंडरचा खालचा कोपरा धरून उचलला.

रेघा तिथे होत्या. तशाच. सगळ्यात वरची जराशी तिरपी होती, तीही तशीच.

"काय पाहतोयस?" बाबांनी पेपरातून डोकं काढलं.

"काही नाही."

तो परत येऊन बसला. हवा शुद्ध करायचं यंत्र कोपऱ्यात घुरघुरत होतं. नोव्हेंबरातल्या त्या धुरकट दिवसांत खिडक्या उघडायची सोय नव्हती. त्याने विचार केला आणि उत्तर सापडलंही. आपल्या आधी इथे राहणारं कुटुंब. त्यांच्यापैकी कोणी ग्रुपमध्ये असेल, भिंत ओळखली असेल, गंमत केली असेल. नोएडा केवढं मोठं आहे, पण असं होतं.

उजळ पट्ट्यावर आयकॉन फार देखणे दिसत होते. त्याने मंजूर दाबलं.

३

संध्याकाळी केतकी ऑफिसातून आली ती आधी बाबांच्या खोलीत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली.

"सुधन्वा, कॅलेंडर कुठाय?"

कॅलेंडर नव्हतं. खिळा होता, रेघा होत्या.

"मी नाही काढलं."

"मग ते चालत गेलं? त्यावर बाबांच्या गोळ्यांच्या खुणा होत्या. चेकअपची तारीख होती. फेकायच्या आधी एकदा विचारायचं तरी!"

"केतकी, मी खरंच..."

"तुला ते आवडत नव्हतं. मला माहितीये, त्यांनाही माहितीये."

बाबा खुर्चीत बसून हे ऐकत होते. त्यांनी हात हलवला. "जाऊ दे ग. वर्ष संपत आलं होतं. तारखा माझ्या डोक्यात आहेत."

सुधन्वाने कपाटामागे, पलंगाखाली, जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यांत पाहिलं. कामवाल्या बाईला विचारलं. ती त्या दिवशी आलीच नव्हती. मग त्याच्या मनात आलं की बाबांनीच काढून कुठे तरी ठेवलं असेल आणि विसरले असतील. हे वय तसलंच. असं म्हटलं की सगळं जागच्या जागी बसत होतं, आणि त्याला तेच हवं होतं.

रात्री जेवताना बाबा नेहमीपेक्षा कमी बोलले. ताट उचलताना म्हणाले, "तुला टेबल भिंतीला लावायचं असेल तर सांग बरं का. माझं काय, कुठेही बसेन."

४

दुसरी सफाई आली शनिवारी, भर दुपारी. नावाची जागा पुन्हा रिकामी. या वेळी घड्याळ नव्हतं. त्याच्या जागी फिकट गोल होता आणि गोलाच्या खालच्या अंगाला कोळ्याचं फाटकं जाळं होतं.

सुधन्वा घड्याळाकडे बघत बसला. खरं घड्याळ भिंतीवर टकटक करत होतं. बाबा त्याखाली पेपर वाचत होते. त्यामागे जाळं आहे का ते उठून बघता आलं असतं. त्याने ते टाळलं, आणि आपण टाळतो आहोत हे त्याला कळलंही.

शिकलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? प्रयोग. बटण दाबायचं, घड्याळावर नजर ठेवायची, काही होत नाही हे बघायचं आणि मोकळं व्हायचं. मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. तो बहुतेक घरूनच काम करायचा, आणि त्या टकटकीने त्याच्या प्रत्येक ऑफिस कॉलचा विचका केला होता.

त्याने दाबलं. चित्र बदललं. घड्याळ भिंतीवर होतं आणि चालू होतं. तो बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याचं त्यालाच हसू आलं. मग तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

पेला तोंडाला लावला असताना टकटक थांबली. मंदावली नाही, अडखळली नाही. थांबली. घरात फक्त त्या यंत्राची घुरघुर राहिली. सुधन्वाने पेला ओट्यावर ठेवला. तो भिंतीला हात लावत खोलीपर्यंत आला.

फिकट गोल. फाटकं जाळं.

बाबा पेपरातच होते. "काढलंस ना? बरं केलंस. मागे पडायला लागलं होतं हल्ली."

"बाबा, कोणी काढलं?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "थट्टा करतोस? आत्ता तूच उठून आलास की तुझ्या खुर्चीतून. आणि परत जाऊन बसलास."

"मी स्वयंपाकघरात होतो."

"असं होय," बाबा म्हणाले आणि डोळे चोळायला लागले. "मग हा डोळा दाखवायलाच हवा."

५

इशिताला तो सेक्टर अठराच्या मेट्रो स्टेशनखाली भेटला, सोमवारी लंचच्या वेळी. ती गुडगावहून कामासाठी आलेली होती. पाठीला सॅक, हातात मोमोजची प्लेट, आणि कपाळाला आठ्या. त्याने फोनवर जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं तिला पटलेलं नव्हतं.

"सुधन्वा जी, सच बताऊँ? हमें लगा आप खुद ही कर रहे हो. लाइक्स के लिए."

"मैं क्यों करूँगा?"

"क्योंकि वो सफ़ाई आपकी ही मशीन से आ रही है." तिने फोनवर चित्र मोठं केलं. "और ये एडिट नहीं है. ये देखिए, दीवार पे धूप. पहली फ़ोटो सुबह की है, ये दोपहर की. किसी ने दोबारा खींची है. वहीं से, आपकी कुर्सी पे बैठ के."

 सुधन्वाने विचारलं, थांबवायचं कसं?

"मंजूर मत दबाइए बस. जब तक आप नहीं दबाओगे, कुछ नहीं लगेगा. वो तो पक्का है, मैंने ही लिखा है." मग तिला त्याची दया आली असावी. "अंकल को कुछ दिन कहीं और बिठा दीजिए ना."

घरी आला तेव्हा तिसरी सफाई येऊन थांबलेली होती.

डावी कड मोकळी होती. खुर्ची नव्हती. हात नव्हता. भिंतीवर, टेकून बसणाऱ्याचं डोकं जिथे येईल तिथे, तेलाचा एक गोल डाग होता. खाली मंजूरचं बटण होतं.

सुधन्वाने ते चित्र पाहिलं आणि त्याला रडू फुटेल असं वाटलं. फरशी, भिंत, प्रकाश. इतकी सुंदर, इतकी स्वच्छ खोली त्याने स्वप्नातही मागितली नसती. आणि मागितली होती. रोज, गेली दोन वर्षं, त्या रुंद स्क्रीनमागे बसून त्याने नेमकी हीच खोली मागितली होती.

त्याने प्रोग्राम काढून टाकला, ग्रुप सोडला, फोटो पुसले. मशीन पुन्हा चालू केल्यावर चौकोन तिथेच होता. तेव्हा त्याने मशीन बंद केलं आणि वायर भिंतीतून उपटली.

केतकीला त्याने सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती, आणि त्या शांतपणानेच तो घाबरला.

"तू थकलायस," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊ. पण आधी बाबांचं घड्याळ जिथे ठेवलंयस तिथून आण."

मंगळवारी त्याला ऑफिसात जाणं भाग होतं. निघताना तो बाबांसमोर उभा राहिला. नीट समजावून सांगावं असं त्याच्या मनात होतं, पण सांगायचं काय? तोंडातून भलतंच निघालं.

"आज हॉलमध्ये बसा. या खोलीत यायचं नाही. आणि माझ्या मशीनला हात लावायचा नाही. बिल्कुल नाही."

बाबांनी पेपराची घडी केली. "इथेही नको का?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच मान डोलावली. "बरं. बसतो हॉलमध्ये."

६

मीटिंग चालू असताना फोन थरथरला. बाबा. सुधन्वा उठून बाहेर पॅसेजमध्ये आला.

"कामात आहेस का?" बाबांचा आवाज प्रसन्न होता, काहीतरी उरकल्यावर व्हायचा तसा. "रागावू नकोस. चष्मा आत राहिला होता म्हणून खोलीत गेलो. तुझं मशीन चालूच होतं."

"मी वायर काढली होती."

"असेल. चालू होतं खरं. त्यावर एक मंजुरी अडकलेली दिसली. फोटो बघितला मी." बाबा थोडे थांबले. "चांगला आहे. मोकळं मोकळं दिसतंय सगळं. म्हटलं, पोराच्या मनात आहे पण हात उचलत नाही. मी दाबून टाकलं."

सुधन्वा लिफ्टकडे चालायला लागला.

"ऐकतोयस ना? तुला बोलायला जड जात होतं, समजतं मला. आपल्याच माणसाची फाइल क्लिअर करायला हात जड होतो. तुझ्या नीलाताईकडे पुण्याला जाईन मी चार महिने, काही हरकत नाही."

"बाबा, उठा. खुर्चीतून उठा. घराबाहेर जा, खाली जा, वॉचमनजवळ बसा!"

"अरे हो, हो. काय झालं? आत्ताच टेकलोय."

"बाबा, बोलत राहा. फोन ठेवू नका. काहीही बोला."

तो लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावला. खाली मिळाली ती रिक्षा पकडली. सगळ्या रस्ताभर त्याने फोन कानाला दाबून धरला होता आणि बाबा बोलत होते. आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची आणि थंडीतही पहाटेची बस धरून जायची ते सांगत होते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरसमोरचं कडुलिंबाचं झाड सांगत होते. आवाज स्वच्छ होता, जवळचा होता. सुधन्वा मनातल्या मनात हात जोडत होता. आवाज आहे, म्हणजे बाबा आहेत. एवढं साधं आहे ते.

"भैया, थोड़ा तेज़!" तो रिक्षावाल्यावर ओरडला.

"उड़ा दूँ क्या? आगे देख नहीं रहे, जाम है," रिक्षावाला म्हणाला.

७

खाली वॉचमनजवळ कोणी नव्हतं. सुधन्वाने किल्लीने दार उघडलं.

"आलास?" बाबा फोनवर म्हणाले. "दार वाजलं. फार लवकर आलास की."

हॉल रिकामा होता. तो खोलीत गेला. खोलीत ऊन आलं होतं, धुरकट, पिवळं. टेबल होतं, त्याची स्वतःची खुर्ची होती, सुटलेली वायर फरशीवर वेटोळं घालून पडली होती आणि स्क्रीन उजळलेली होती. टेबलाला वळसा घालून तो पलीकडे गेला. तिथे भिंत होती. खिळा, फिकट गोल, तेलाचा डाग. वेताची खुर्ची नव्हती.

"बाबा, कुठे आहात?"

"म्हणजे काय? तुझ्यासमोर."

त्याने हात पुढे केला. बोटं गार भिंतीला टेकली.

"अरे, डोळ्यात बोट घालशील!" बाबा म्हणाले. "असं काय करतोस? माझ्याकडे बघ तरी. नुसता भिंतीकडे काय बघतोस?"

"मला तुम्ही दिसत नाही, बाबा."

 बाबा बोलले ते अगदी हळू. "इतका राग आलाय होय. मी आपलं तुला मदत म्हणून केलं. तूच एकेक वस्तू काढत होतास, मला वाटलं..."

"मी नाही काढल्या! आईशपथ, बाबा, मी एकही वस्तू नाही काढली."

"मग कोणी? यांनी?"

सुधन्वाने भिंतीवरून बोटं काढली. "कोणी?"

"हे बसलेत ना, तुझ्या खुर्चीत. मला वाटलं तूच आहेस. या डोळ्याने काही धड दिसत नाही. पण तू तर इथे उभा आहेस." बाबांनी आवाज खाली आणला, पाहुण्यांसमोर आणतात तसा. "तुझ्या ऑफिसातले का? केव्हापासून बसलेत, एक शब्द बोलत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतायत."

सुधन्वा वळला.

खुर्ची रिकामी होती. पण ती आपल्या चाकांवर अजून फिरत होती, सावकाश, कोणी नुकतंच उठून गेल्यावर फिरते तशी. गादीवरचा खळगा हळूहळू वर येत होता. उठलेला माणूस कुठे गेला, हे बघायला खोलीत दुसरी जागा नव्हती.

"उठले बघ," बाबा फोनवर म्हणाले. "इकडेच येतायत. नमस्कार, नमस्कार. बसा ना... नाही, मराठी कळत नाही वाटतं. आइए, बैठिए."

"बाबा, त्यांच्याशी बोलू नका."

बाहेर दारात किल्ली फिरली. केतकी आज लवकर आली होती. चपला काढल्याचा, पर्स ठेवल्याचा आवाज आला. "सुधन्वा? तू घरी कसा? बाबा कुठेत?" असं विचारत ती खोलीच्या दाराशी आली.

"सुधन्वा," बाबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजाला जरा कंप होता. "हे चला म्हणतायत. हाताने खुणा करतायत. जाऊ का रे मी?"

"नाही!" सुधन्वा फोनमध्ये ओरडला. इतक्या जोराने की खिडकीची काच झणझणली. "जागचे हलू नका! ऐकू येतंय का? जायचं नाही!"

पलीकडे एक खुर्ची मागे सरकली.

"जा म्हणायला एवढं ओरडतोस कशाला?" बाबा म्हणाले. "जातोय ना."

फोन बंद झाला नाही. आवाज मात्र कोणाचाच येत नव्हता. सुधन्वा हाका मारत राहिला. बाबा, बाबा. शेवटी त्याने मान वर केली तेव्हा केतकी दारातच उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती, त्या मोकळ्या, स्वच्छ कोपऱ्याकडे. मग तिने सुधन्वाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"कोणाबरोबर पाठवलंस त्यांना?" तिने विचारलं.